शमिकाएवढा दोरा

एका पत्राला मी दोन वर्षं उत्तर दिलं नाही. एरवी मी लग्नपत्रिकेलासुद्धा पोच लिहिणारा माणूस. पण हे पत्र आठ वर्षांच्या मुलीचं होतं, तिनं एकच प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर मला माहीत होतं. तिथंच सगळी पंचाईत झाली.

पत्र माझ्या नातीचं, शमिकाचं. करोना सुरू झाल्यावर माझी मुलगी केतकी आणि जावई क्षितिज आमच्याच शहरातला मारतहळ्ळीचा फ्लॅट बंद करून नागपूरला क्षितिजच्या आईवडिलांकडे राहायला गेले. दोघांचं ऑफिस लॅपटॉपवर, शमिकाची शाळाही लॅपटॉपवर. त्याआधी दर दिवाळीला जे. पी. नगरला आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी तिची उंची मोजायचा कार्यक्रम असे. मी चौकटीवर पेन्सिलनं खूण करून शेजारी तारीख घालायचो. शेवटची खूण २०१९ च्या दिवाळीची होती, ११४ सेंटीमीटर.

ऑगस्ट २०२१ मध्ये पत्र आलं. पाकिटातून आधी लाल लोकरीच्या दोऱ्याची गुंडी पडली.

‘प्रिय अज्जा, माझी खूण राहीली आहे. हा दोरा माझ्याएवढा आहे. मी भिंतीला टेकून उभी होते आणि टाचा उचलल्या नाहीत, शप्पत. दोरा ताणला पण नाही. तू दारावर खूण कर आणि मी किती वाढले ते कळव. तुझी शमिका. ता. क. दोरा परत पाठव, तो माझ्या स्वेटरचा आहे.’

मी दोरा चौकटीला लावला. ११७ भरला. पावणेदोन वर्षांत तीन सेंटीमीटर. या वयात मुलं वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतात, एवढं मी वाचलेलं होतं.

मी तेहतीस वर्षं एका सरकारी कारखान्यात मापं तपासण्याचं काम केलं. आमच्याकडे शिरस्ता असा, की आकडा विचित्र आला तर आधी मोजायच्या साधनावर संशय घ्यायचा. लोकर म्हणजे काय, ताणते, आखडते. त्यातून मुलीनं मोजलेलं. दोराच चुकला, असं मी ठरवून टाकलं.

तरी उत्तर लिहायला बसलो. ‘तीन सेंटीमीटर’ लिहिलं तर तांबड्या शाईत नापास लिहिल्यासारखं दिसलं. ‘छान वाढलीस’ लिहिलं तर ते खोटं होतं. ‘पुन्हा मोजून पाठव’ लिहिलं, पण तिनं शपथ घेतली होती. तिन्ही कागद फाडले.

माझी बायको विद्या हे सगळं पाहत होती. “अहो, आयुष्यभर केसाच्या जाडीची मापं घेतलीत आणि नातीला तीन सेंटीमीटर सांगायला घाबरता?”

“माप चुकलंय गं. उगाच केतकीच्या जिवाला घोर.”

“मग चुकलंय असं तरी लिहा.”

तेही लिहिलं नाही. एका जाड पुस्तकात तो दोरा खूण म्हणून घातला, पाकीट शेवटच्या पानात ठेवलं, आणि पुस्तक वर फळीवर गेलं.

दर रविवारी व्हिडिओवर शमिका दिसायची. गाल भरलेले, डोळे पेंगुळलेले. मार्चमध्ये नागपूरच्या उन्हात ती लाल स्वेटर घालून बसली होती. “हिला थंडी वाजते हो,” असं तिची तिकडची आजी म्हणाली आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. लॉकडाऊनमध्ये सगळं जगच सुस्तावलं होतं. त्यात एक मुलगी जरा जास्त सुस्तावली, तर कोणाच्या लक्षात येणार?

२०२२ च्या गुढीपाडव्याला मंडळी परत आली. श्रीखंडाचं पातेलं खाली ठेवायच्या आधीच केतकी म्हणाली, “आई, गंमत ऐक. शाळा उघडली, म्हणून हिचा पहिलीतला युनिफॉर्म काढून पाहिला, तर अगदी फिट! अडीच वर्षांपूर्वीचा! एक खर्च वाचला.”

विद्या हसली. मी हसलो नाही. तो दाखवायला घालूनच आलेल्या शमिकाच्या स्कर्टकडे माझं लक्ष गेलं. तो बरोबर गुडघ्यावर होता.

“अज्जा, खूण!” म्हणत शमिका चौकटीला टेकून उभी राहिली. टाचा जमिनीवर, हनुवटी सरळ. मी पुस्तक डोक्यावर आडवं धरलं. ११८. पायपुसणं काढून मोजलं, ११८. पट्टी बदलली, ११८.

मी स्टुलावर चढून ते जाड पुस्तक काढलं. दोरा चौकटीला लावला. जुनी खूण, मग दोरा, मग आजची खूण, अगदी एकापाठोपाठ एक. दोरा बरोबर होता. आठ वर्षांच्या मुलीनं चोख माप पाठवलं होतं आणि माप तपासणाऱ्यानं ते फेटाळलं होतं.

आता बोलायला हवं होतं. मला चार माणसांत बोलायचं म्हणजे घाम फुटतो, मग ती घरचीच असोत.

“केतकी,” मी म्हणालो, “हिची वाढ थांबल्यासारखी वाटते. डॉक्टरांना दाखवायला हवं.”

“अण्णा, क्षितिजच्या आई बुटक्याच आहेत. हिची चणच तशी.”

“चण दोन-अडीच वर्षांत बदलत नाही. २०१९ च्या दिवाळीपर्यंत ही दरवर्षी सहा-सहा वाढत होती. चौकट बघ.”

“सणाच्या दिवशी कशाला...”

“उद्याची वेळ घे,” मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण विद्या श्रीखंड वाढायचं थांबून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “घे गं वेळ. हे पन्नास वर्षांत पहिल्यांदा असं बोललेत.”

मुलांच्या हार्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टर उल्का मूळच्या बेळगावच्या, मराठी बोलणाऱ्या, त्यामुळे शमिकाला लगेच आपल्या घरातल्या वाटल्या. त्यांनी उंची घेतली, वजन घेतलं, गळा चाचपला, रक्त तपासायला पाठवलं. चार दिवसांनी अहवाल घेऊन आम्ही पुन्हा गेलो.

“थायरॉइडचं काम मंदावलंय,” डॉक्टर म्हणाल्या. “मधल्या काळातली उंची कुठं लिहिलीय का? शाळेत घेतात ना?”

“शाळा बंद होती,” केतकी म्हणाली.

“सगळ्यांचं हेच. दोन वर्षं मुलं नुसती मानेपर्यंत दिसली. आणि ही ग्रंथी बघा, मानेतच लपून बसलेली.”

मी पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. वर नागपूरच्या पोस्टाचा शिक्का होता, तारखेसकट. डॉक्टरांनी दोरा टेपला लावला.

“एकशे साडेसोळा, आजोबा.”

“लोकर थोडी आखडली असेल,” मी म्हणालो.

त्या मोठ्यानं हसल्या. “यावरून निदान होत नाही हां. पण तेव्हाच वाढ मंदावली होती, एवढं नक्की कळतं.”

“मी तेव्हाच बोललो असतो तर?”

“तर बरं झालं असतं, खोटं कशाला बोलू?” त्या म्हणाल्या. “पण वय आपल्या बाजूनं आहे. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, मध्ये मध्ये रक्ततपासणी. गमावलेली बरीचशी उंची ही भरून काढेल.”

शमिका खुर्चीत पुढे सरकली. तिनं विचारलं, “म्हणजे मी आळशी नाहीये?”

“मुळीच नाही. तुझं इंजिन स्वल्प हळू चालत होतं, एवढंच.”

“आई, ऐकलंस?” शमिका खुर्चीवरून उठलीच. “स्वल्प हळू! आणि तू मला काय काय म्हणायचीस? अजगर! कुंभकर्ण!”

केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसायलाही लागली. तिनं भर दवाखान्यात लेकीला कडेवर घेतलं. शमिका लाजून ओरडली, “उतरव, मी आठ वर्षांची आहे!”

लाल स्वेटर दोन महिन्यांत कपाटात गेला. सहा महिन्यांनी केतकीचा फोन आला, “अण्णा, स्कर्ट आखूड झाला!” असा हर्ष तिला स्वतःच्या बढतीचाही झाला नव्हता. दहा महिन्यांनी पुन्हा फोन आला, “बूट होईनात! अण्णा, बूट!” आमच्याकडे आली की शमिका आता एका जागी बसत नाही. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढते, वादात विद्याला हरवते. एकदा विद्या कंटाळून म्हणाली, “ती सुस्त शमिकाच बरी होती.” मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या.

परवाच्या रविवारी, म्हणजे २०२३ च्या ऑगस्टमध्ये, ती चौकटीला उभी राहिली. १३०. सोळा महिन्यांत बारा सेंटीमीटर. मी खूण केली, तारीख घातली. ती वळून चौकट निरखायला लागली.

“अज्जा, माझ्या दोऱ्याची खूण कुठाय?”

ती मी केलीच नव्हती.

“कर आता. आणि माझ्या पत्राचं उत्तर?”

“आता तर तुला सगळं ठाऊक आहे.”

“मग काय झालं? पत्राला उत्तर पत्रानंच द्यायचं असतं. तूच शिकवलंस मला.”

“बरे सापडलात,” विद्या आतून म्हणाली.

मी ११७ वर खूण केली आणि शेजारी दोन वर्षांपूर्वीची तारीख घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर लिहिलं. या वेळी एकच कागद लागला.

‘प्रिय शमिका, तू तीन सेंटीमीटर वाढली होतीस. तुझा दोरा बरोबर होता, चूक माझी होती. तो सोबत परत पाठवत आहे. दुसरा दोरा रविवारच्या तुझ्या उंचीचा आहे, तोही ताणलेला नाही, शप्पत. दोन्ही शेजारी धरून बघ. तुझा अज्जा. ता. क. स्वेटर उसवून मोठा करावा लागेल.’

“रविवारी येईलच ती, तेव्हा हातात द्या ना,” विद्या म्हणाली. मी चपला घातल्या होत्या.

पोस्टात खिडकीवरच्या बाईंनी पाकीट बोटांनी दाबून पाहिलं. राखीचे दिवस होते.

“राखी, सर?”

“नाही. माझी नात आहे.”

त्यांनी एकदा पाकिटाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. “सरी, बरं,” असं म्हणून त्या हसल्या, तिकिटावर शिक्का मारला आणि पाकीट मारतहळ्ळीच्या गठ्ठ्यात टाकलं.