न मागितलेले बटाटे

भागीदारी ठरली ती गल्ल्यावर, आणि वहिनींना कळली ती स्वयंपाकघरात, म्हणजे सगळ्यात शेवटी. नवरोबा आत आले, दोन पातेल्यांची झाकणं उगाच उघडून पाहिली, काकडीची एक फोड उचलली आणि म्हणाले, "अगं, कोपऱ्यावरचा तो भट्टीवाला आहे ना, त्याच्याशी बोलणं झालंय."

नवरोबांनी काकडी उचलली की वहिनी सावध व्हायच्या. मागचं बोलणं झालं तेव्हा दारात एक मत्स्यालय आलं होतं. मासे टिकले नाहीत. मत्स्यालयात आता कांदे असत.

"काय बोलणं?"

"त्याचं मांस, आपली जागा. मेनू एकच. अर्धा त्याचा, अर्धा आपला."

यातलं गणित एखाद्या लहान मुलालाही समजलं असतं आणि म्हणूनच नवरोबांना ते फार आवडलं होतं. भट्टीवाल्याकडे एक पत्र्याची शेड होती, मागे काळीकुट्ट लोखंडी भट्टी होती, आणि तिच्यात मंद धुरावर भाजलेल्या बार्बेक्यूसाठी लागलेली रांग पार औषधांच्या दुकानापर्यंत जायची. बसायला मात्र त्याच्याकडे एक उलटी बादली होती. वहिनींच्या हॉटेलात खुर्च्याच खुर्च्या होत्या. रांग तेवढी नव्हती.

"रांग आपल्या खुर्च्यांवर बसेल," नवरोबा म्हणाले. "आणि खुर्च्यांवर आत्ता बसतात ते?"

हा प्रश्न खरं तर वहिनींनी विचारायचा होता. नवरोबांनी तो स्वतःच विचारला, स्वतःच हसले आणि दुसरी फोड उचलून बाहेर गेले.

आत्ता बसणारे म्हणजे ठरलेली माणसं. आणि या ठरलेल्या माणसांपैकी कोणी कधी काही मागवत नसे. तशी पद्धतच नव्हती. दारात दोनदा खोकला ऐकू आला की घड्याळवाले काका आले, वहिनींनी बटाटे कुस्करायला घ्यायचे. छत्री खुर्चीवर आपटली की ग्रंथपालबाई, कोबीचं सूप. चपला न वाजवता जो यायचा तो समोरचा शिंपी, त्याला कडक टोस्ट आणि अंडं. माणूस खुर्ची ओढेपर्यंत बशी वाटेला लागलेली असायची. भिंतीवर पदार्थांची एक रंगवलेली पाटी होती, पण ती फक्त पत्ता चुकलेले लोक वाचत.

"माझ्याकडे तोंड उघडावं लागतं ते फक्त घास घालायला," असं वहिनी पाहुण्यांना सांगत. पाहुणे हसत. वहिनी विनोद करत नव्हत्या.

मेनू ठरवायला भट्टीवाला दुपारी आला. आडवातिडवा माणूस, नखांत काजळी, आणि आवाज मात्र दवाखान्यात बसल्यासारखा हळू. त्याने चांगला पाहुणचार करून घेतला, चहाला नावं ठेवली नाहीत, आणि मग एक कोरा कागद टेबलावर ठेवून मधोमध रेघ मारली.

"वहिनी, एकच पान. लोकांना वाचायचा कंटाळा असतो."

"माझी माणसं वाचतच नाहीत."

"म्हणूनच तर म्हणतो."

मग वहिनींचे पदार्थ एकेक करून गेले. कागदावरून पदार्थ जातो असं नवरोबांना वाटत होतं. वहिनींना कोबीबरोबर ग्रंथपालबाई जाताना दिसल्या, छत्रीसकट. टोस्टबरोबर शिंपी गेला, तोही नेहमीसारखा आवाज न करता. शेवटी वहिनींच्या अर्ध्या भागात तळाशी एक ओळ रिकामी उरली. तिथे भट्टीवाल्याला त्याच्या फासळ्या हव्या होत्या, कारण त्याच्या अर्ध्यात त्या मावत नव्हत्या.

"इथे कुस्करलेले बटाटे," वहिनी म्हणाल्या.

"कोण खातं?" भट्टीवाला.

"घड्याळवाले काका."

"आणि?"

"आणि काय आणि? माणूस आहे ना तो? की त्याला गिऱ्हाईक व्हायला अजून कोणी सोबत आणावं लागेल?"

"अगं, एका माणसासाठी एक ओळ..." नवरोबांनी सुरुवात केली.

"तुमच्यासाठी अख्खा जन्म दिलाय मी. तेव्हा हिशेब केला होता का?"

नवरोबा खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पण अशा वेळी ते पुरतं.

भट्टीवाला चिडला नाही. हाच त्याच्यातला सर्वांत त्रासदायक गुण होता. "एक करू," तो म्हणाला. "शनिवारी सुरुवात करतोय. मी स्वतः टेबलाटेबलावर जाऊन विचारीन, काय हवं म्हणून. माझ्याकडे तशीच रीत आहे. काकांनी बटाटे मागितले, तर ओळ तुमची. नाही मागितले, तर फासळ्या."

"विचारायचं कशाला, भावजी? त्यांना दात नाहीत. कवळी टोचते म्हणून ती खिशात असते."

"तरी विचारू या की."

वहिनी हो म्हणाल्या, आणि वर हसल्याही. प्रश्न बटाट्यांचा नव्हताच. या गल्लीतल्या कोणाला काय लागतं, हे आपल्याला न सांगता कळतं, ही एक गोष्ट त्यांनी आयुष्यात स्वतःच्या बळावर मिळवली होती. हॉटेल सासऱ्यांचं होतं, गल्ला नवऱ्याचा होता, मत्स्यालय कोणाचंच नव्हतं. हे कळणं तेवढं त्यांचं होतं. ते खरं नसेल, तर मग आत उभी राहून बटाटे उकडणारी एक बाई, एवढंच काय ते उरत होतं.

शनिवारी सकाळपासूनच वहिनींचं डोकं फिरलं. भट्टीवाल्याची माणसं झाकलेले भलेमोठे ट्रे घेऊन आली आणि त्यांनी ते थेट शेगड्यांवर ठेवले, गरम राहावेत म्हणून. वहिनींच्या वाट्याला कोपऱ्यातली एक शेगडी आली, जी लागायची तेव्हा लागायची. पडद्यांना धुराचा वास, पदराला धुराचा वास, दुधालाही तोच. एक गिऱ्हाईक चहा पिऊन म्हणालं, "वा, चहासुद्धा भट्टीवरचा वाटतो!" नवरोबांनी हे आत येऊन आनंदाने सांगितलं. वहिनींनी हातातलं उलथनं खाली ठेवलं, कारण ते हातात राहणं बरोबर नव्हतं.

रांग खरंच खुर्च्यांवर बसली. तिने इतका आवाज केला की दारात कोण खोकतंय, कोण छत्री आपटतंय, काही ऐकू येईना. वहिनी कान देऊन उभ्या राहिल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांना डोकावून बघावं लागलं. आतून बश्या सरकवायच्या खिडकीतून बघितलं तर काका आलेले होते, नेहमीच्या खुर्चीत अंग चोरून बसले होते. शेजारी रांगेतलं एक अख्खं कुटुंब हाडं चोखत होतं.

वहिनींनी घाईघाईने बटाटे कुस्करले, लोणी घातलं, मिरी भुरभुरली, आणि बशी हातात घेऊन खिडकीशी थांबल्या.

भट्टीवाला काकांच्या टेबलाशी वाकला. "काका, काय घेणार?"

काका दचकले. त्यांनी आधी मागे पाहिलं. प्रश्न दुसऱ्या कोणाला नाही अशी खात्री पटल्यावर ते म्हणाले, "मी?"

"तुम्हीच."

"मी... म्हणजे काय आहे काय?"

भट्टीवाल्याने सांगितलं, सगळं, त्या दवाखान्यातल्या आवाजात. काका ऐकत गेले. मग त्यांनी शेजारच्या टेबलाकडे बोट केलं. "ते. पण चावता येणार नाही मला."

"चावायचं नाहीच काका. नुसतं तोंडात ठेवायचं."

फासळी आली. मांस हाडावरून असं सुटलं, की जणू ते निमित्तच शोधत होतं. काकांनी ते चमच्याने उचललं, तोंडात ठेवलं आणि डोळे मिटले. मग डोळे उघडून दुसरा घास घेतला. कवळी खिशातच होती.

वहिनी बशी घेऊन बाहेर आल्या. बशी काकांच्या पुढ्यात ठेवली, म्हणजे जवळजवळ आपटली.

"हे काय काका?"

"बटाटे," काका ओशाळून म्हणाले.

"ते मला माहितेय. तुम्हाला आवडतात ना ते?"

हॉटेलातला आवाज कमी झाला. काकांनी तोंड पुसलं. "अहो वहिनी, रागावू नका. मी पहिल्यांदा आलो ना तुमच्याकडे, त्या दिवशी दाढ काढली होती. म्हणून खिडकीशी येऊन म्हटलं, बटाटे कुस्करून द्याल का. तुम्ही दिलेत. दुसऱ्या दिवशी आलो, तर आधीच तयार. मला वाटलं, तुमच्याकडे तेवढंच मिळतं."

"भिंतीवर एवढी पाटी लावलीय!"

"ती माझ्या पाठीमागे येते हो."

"मग नंतर? नंतर तरी बोलायचं!"

"नंतर तुम्ही इतक्या प्रेमाने पाठवायचात. मग अवघड झालं."

ग्रंथपालबाईंनी छत्री मांडीवर घेतली आणि घसा साफ केला. "खरं सांगायचं तर, तो कोबीसुद्धा..."

"तुम्ही बोलू नका," वहिनी म्हणाल्या.

शिंप्यापुढे वहिनींनी सवयीने पाठवलेला टोस्ट होता. त्याकडे तो ज्या नजरेने बघत होता, ती नजर वहिनींनी त्यापूर्वी कधी पाहिली नव्हती, कारण गिऱ्हाईकं खात असताना त्या कधी बाहेर आल्या नव्हत्या.

बशी परत घेऊन त्या आत गेल्या. थोड्या वेळाने भट्टीवाला आत आला. आता हा समजूत काढणार, या कल्पनेनेच वहिनींच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने समजूत काढली नाही. उभ्याउभ्या ती बशी संपवली, चमचा चाटला आणि म्हणाला, "चांगले आहेत."

"मग?"

"पण मागितले नाहीत ना, वहिनी."

सोमवारी मेनू छापून आला. गुळगुळीत, एक पान, मधोमध रेघ. वहिनींच्या अर्ध्यात तळाशी फासळ्या. नवरोबांनी तो चारही बाजूंनी न्याहाळला आणि गल्ल्यावर टेकवून ठेवला, देव्हाऱ्यात ठेवावा तसा.

वहिनींनी कागद-पेन्सिल घेतली. "आजपासून मी विचारणार," त्या म्हणाल्या. "एकेकाला. तोंडावर. बघू तरी काय काय हवंय लोकांना."

"अगं, पण आत कोण बघणार?"

"ज्याने बोलणं केलंय तो."

काका आले, दोनदा खोकले. वहिनी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "काय घेणार?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मेनू वाचायला घेतला. वरपासून. प्रत्येक ओळीशी थांबून. "हे कोळशावरचं म्हणजे भट्टीतलंच ना? मग भट्टीतलं वेगळं का लिहिलंय?" वहिनींनी सांगितलं. "आणि हे गोड सॉस म्हणजे किती गोड?" वहिनींनी तेही सांगितलं, दात आवळून. आतून नवरोबांची हाक आली, दूध उतू जातंय म्हणून. दूध बघायला ठेवलेल्या माणसाने ते उतू जातंय हे कळवावं, यात वहिनींना नवीन काही वाटलं नाही. काकांनी पान उलटलं. मागे कोरं होतं. ते पुन्हा पुढच्या बाजूला आले.

"बटाटे दिसत नाहीत कुठे."

"काढले."

"कोणी?"

"तुम्ही."

"मी?" काकांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच चढत होता. "मला कोणी विचारलंच नाही! रोज नको होते, हे खरं. पण अजिबात नकोत असं कधी म्हणालो मी? असं परस्पर काढतात का?"

वहिनींनी पेन्सिल कानामागे खोचली आणि आत गेल्या. शेगडीवरचा भट्टीवाल्याचा ट्रे दोन्ही हातांनी उचलला आणि खाली, कांद्यांच्या मत्स्यालयावर ठेवला. मोकळ्या झालेल्या शेगडीवर पातेलं चढवलं, पाणी ओतलं.

"अगं, बटाटे मेनूत नाहीत!" नवरोबा म्हणाले.

"मागितलेत. मागितले तर ओळ माझी, असंच ठरलं होतं."

"ते शनिवारचं होतं."

"मग भावजींना बोलवा. मी बोलते."

तेवढ्यात बाहेरून काकांची हाक आली. "वहिनी, राहू द्या हो! आज फासळ्याच द्या. बटाटे उद्या बघू!"

वहिनींनी पातेल्यावर झाकण आपटलं. मग खिडकीतून त्यांनी डोकं बाहेर काढलं. "पाणी ठेवलंय मी. आता बटाटेच खायचे."

ग्रंथपालबाईंनी तोंडासमोर मेनू धरला. काकांनी आपला मेनू बाजूला सारला.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "मग मिरी जरा जास्त घाला. तुम्ही नेहमी कमीच घालता."

वहिनींनी मिरीचा डबा फळीवरून असा ओढला की शेजारचं मीठ खाली आलं. "लिहून घ्या," त्यांनी कानामागची पेन्सिल नवऱ्याच्या अंगावर भिरकावली. "काका. बटाटे. मिरी जास्त. आणि त्या शिंप्याला जाऊन विचारा, तो टोस्ट त्याला कसा हवाय. खरं सांग म्हणावं."