लव्हाळा नसलेला वाफा

"शोध. एक काडी जरी सापडली ना, तर संध्याकाळी भजी माझ्याकडून," असं म्हणून गुणाजीने खुरपी मंजुळाच्या पुढ्यात टाकली.

मंजुळा डबा बाजूला ठेवून उकिडवी बसली. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या या रंगाच्या कारखान्यात तिचे वडील, गुणाजी, बागेचे माळी होते. ती स्वतः पलीकडच्या गल्लीत बटणांच्या पॅकिंगला जायची, म्हणून दुपारची भाकरी दोघं इथेच, बागेच्या कडेला बसून खायची. दसरा झाला की बागेत बेणणी निघायची. पावसाने माजवलेलं तण उपटायचं, वाफे खणायचे, शेवंती लावायची. आणि तण म्हणजे मुख्यतः लव्हाळा. वरून उपटला तर खाली गाठ राहते, गाठ काढली तर तिची पिल्लं राहतात. सोयऱ्याला द्याव्यात तशा गुणाजी त्याला दरवर्षी शिव्या देई.

या वर्षी मागच्या भिंतीलगतच्या वाफ्यात शिव्या द्यायलाही कोणी नव्हतं. जमीन सारवून ठेवल्यासारखी स्वच्छ होती.

"उन्हाळ्यात खोल खणून तापवली होती. मुळासकट गेला बेटा. साहेबसुद्धा सकाळी म्हणाले, वा गुणाजी!" साहेबांचं हे वाक्य त्याने दुसऱ्यांदा सांगितलं.

फाटकावरचा मारुती तंबाखू मळत आला. "काय गुणाजीशेठ, खुरपी रिटायर झाली तुमची. आता तुमचा नंबर!"

"तुझ्या तोंडात माती पडो."

"ती तुमच्याच तोंडात असते ना रोज!"

तिघेही हसले. गुणाजीला ती खोडच होती. खणलेल्या मातीची चिमूट जिभेवर ठेवायची, थुंकायची आणि मग ठरवायचं. आंबट लागली तर चुना हवा, खारट लागली तर भरपूर पाणी सोडायचं. कोकणात त्याच्या बापाने त्याला शिकवलेलं, त्याने मंजुळाला.

"मग ही कशी लागते, अप्पा?"

"बरी आहे की." तो पाणी प्याला. पुन्हा प्याला. "जीभ जरा चुरचुरते. पानात चुना जास्त पडला असणार."

मंजुळाने खुरपी खोल घातली. गांडूळ निघालं नाही. भिंतीच्या तळाशी, पावसात पलीकडून पाणी झिरपायचं तिथे, माती जांभळट दिसत होती. डबा धुऊन ती परत आली, तेव्हा मघाशी सांडलेला भाकरीचा तुकडा तसाच पडलेला होता. त्याला एक मुंगीदेखील लागली नव्हती. अप्पांना हे दाखवावं असं तिला वाटलं. पण ते खुशीत होते.

संध्याकाळी गुणाजी त्याच वाफ्यातल्या मातीचं पोतं खांद्यावरून घरी घेऊन आला. तुळशीचं लग्न जवळ आलं की चाळीतल्या दारापुढच्या वृंदावनातली माती तो स्वतः बदलायचा.

"अगंबाई, किती मऊ!" मंजुळाची आई, मालू, पदर खोचत म्हणाली. "गवताचं एक मूळ नाही हो यात."

"मग! माती कोणाची आहे?"

जुनी माती अंगणात ढीग करून ठेवली. तुळस हलकेच उचलून घमेल्यात ठेवली. मंजुळा नव्या मातीतली ढेकळं फोडायला बसली. थोड्या वेळाने तिच्या बोटांच्या बेचक्यांत आग व्हायला लागली. तरी अप्पांसारखीच चव घेऊन त्यांचं आणखी एकदा कौतुक करावं म्हणून तिने चिमूट घेतली आणि तोंडाकडे नेली.

फाडकन तिच्या हातावर अप्पांचा फटका बसला. माती अंगणभर उडाली. आजवर या माणसाने तिला बोटही लावलं नव्हतं.

"चूळ भर! आधी चूळ भर!"

"अप्पा, तोंडात गेलीच नाही."

"तरी भर म्हणतो ना!"

"अहो, झालं काय?" मालूने विचारलं. उंबऱ्यावर बसून गुणाजी आपलाच हात बघत राहिला. म्हणजे मातीत काहीतरी आहे, हे त्यांना ठाऊक होतं. कधीपासून, हे मंजुळाने विचारलं नाही.

मग त्याने नवी माती करवंटीने खरवडून पुन्हा पोत्यात भरली, अंगणात उडालेलीसुद्धा.

"द्या गटारात ओतून," मालू म्हणाली.

"गटार खाली भाजीच्या मळ्यात जातं."

"मग मागच्या पडीक जागेत टाका."

"तिथं पोरं खेळतात."

तुळस जुन्याच मातीत परत गेली. तोंड आवळून बांधलेलं पोतं रात्रभर दाराशी उभं होतं, आत बोलावण्याची वाट बघणाऱ्या पाहुण्यासारखं.

सकाळी चहाचा घोट घेऊन गुणाजी म्हणाला, "साखर घातली नाहीस गं?"

मालूचा हात भांड्यावरच थांबला. "अहो, मी तर..."

मंजुळाने वडिलांच्या हातातून कप घेतला आणि एक घोट घेतला. चहा गोड होता. रोजच्यासारखाच.

"विसरली आई," ती म्हणाली. तिने चमचाभर साखर घातली, बराच वेळ ढवळली आणि कप परत दिला.

गुणाजी सावकाश प्याला. मग लेकीकडे बघत म्हणाला, "हां. आता झाला."

"आज जाऊ नका ना कामावर."

"शेवंती लावायची आहे, बाय. आणि ही माती जिथली तिथं नेऊन टाकतो."

त्याने पोतं खांद्यावर घेतलं. वृंदावनापाशी थांबला. तुळशीच्या मुळाशी, जुन्या मातीत, लव्हाळ्याची एक पात तग धरून उभी होती. खांद्यावरचं ओझं सावरत तो वाकला, सवयीने ती चिमटीत धरली आणि सोडून दिली.