राहिलेलं रीळ

राजनंदिनीनं आधी शपथ घ्यायची आणि मग जर्मनीला जायचं, असं मी ठरवलं होतं. आमच्या घरात मी एकदा ठरवलं की त्यावर पुन्हा बैठक बसत नाही.

राजनंदिनी माझी नात. साताऱ्याला नर्सिंग शिकली, वर्षभर तिनं जर्मन भाषा घोकली आणि तिकडच्या कुठल्याशा दवाखान्यात तिला नोकरी लागली. रविवारी निघायचं होतं. तिचा बाप, म्हणजे माझा जयराज, तोंडात गुळणी धरल्यासारखा हिंडत होता. तिची आई रेश्मा भाकरी थापता थापता डोळे पुसत होती. मी तिला म्हटलं, "रडायचं काम न्हाई. पालीच्या खंडोबाचा भंडारा हाय घरात. बेलभंडारा उचलून पोरगी म्हणंल, तीन वर्सांत परत येती. मग देव आणतोय वडून."

आमच्याकडं बेलभंडारा उचलून कुणी खोटं बोलत नाही. कोर्टात बोलतात.

गुरुवारी दुपारी मी ताटात बेलाची पानं आणि भंडारा काढून ठेवला. ताट बघून राजनंदिनीचा चेहरा उतरला. लहानपणापासून तिला खोटं बोलायला जमत नाही.

"आजी, तीन वर्षांनी काय असंल, मला आत्ताच कसं ठावं?"

"म्हणून तर शपथ घ्यायची."

तिनं मोबाईल काढला. मग म्हणाली, "बरं. पण आधी तुला एक दाखवते. तुझा चांदणीचा पिच्चर सापडला मला मोबाईलवर."

मी होते तिथंच बसले.

तो पिच्चर मी उभ्या जन्मात एकदाच पाहिला होता. माझं माहेर मेढ्याच्या वरच्या अंगाला. तिथं जत्रेला याकूबभाईचा तंबू यायचा. मधे दोरी, एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला बाप्ये. मी तेव्हा दुसरीत होते आणि आईच्या पदरात तोंड खुपसून एका डोळ्यानं बघत होते. पिच्चरमधल्या चंदा नावाच्या पोरीला रानात चमकणारं यान दिसतं. चांदणीवरची माणसं तापानं फणफणलेली, त्यांचं औषधपाणी करायला कुणी नाही. पोर त्यांच्यासंगं जाते, त्यांना बरं करते. आणि शेवटी घरी येते. आई तिला दारातच कवटाळते, "आलीस गं माझे बाई" म्हणते आणि चुलीपुढं बसवून वाढते.

हा शेवट मला भाकरीच्या वासासकट पाठ होता. जयराजला मी तो सांगितला, मग राजनंदिनीला. तिला ताप आला की ती तीच गोष्ट मागायची. आणि नोकरीचं पत्र आल्यापासून मी रेश्मालाही तेच ऐकवत होते. म्हटलं, "चांदणीवर गेलेली पोर घरला आली. जर्मनी तर हितंच खाली हाय."

राजनंदिनीनं मोबाईल टीव्हीला जोडला. चित्राचा रंग पार विटून गेला होता. यान आलं तेव्हा रेश्मा म्हणाली, "आत्या, ह्या तर दोन परड्या एकमेकीवर उपड्या घातल्यात."

"दोरी बी दिसती वरची," जयराज म्हणाला. चार दिवसांत हे त्याचं पहिलं वाक्य.

"तुला बोलायला हेच सापडलं व्हय रं? गप बघ."

पण दोरी मलाही दिसली होती. चांदणीवरच्या माणसांच्या अंगावर चपात्या गुंडाळायचा चमकता कागद होता. एकाच्या पायात तर चक्क चामडी बूट. या माणसाला बघून मी आईचा हात दाबून धरला होता, आणि आज तो मला आमच्या तलाठ्यासारखा दिसत होता. मला कसंतरी झालं. आपलं लहानपण कुणीतरी बाजारात उघडं मांडावं तसं.

पिच्चर नुकता कुठं सुरू झालेला. यान बघून घाबरलेली चंदा रानात वाट चुकली आणि रात्र बाहेर काढून पहाटे घरी आली. आईनं तिला दारातच कवटाळलं. "आलीस गं माझे बाई." मग चूल, मग ताट.

"थांब," मी म्हटलं. "हे शेवटचं हाय. तुझा हात लागला कुठंतरी."

"न्हाई आजी. मी हात लावलाच न्हाई."

पुढं सगळं मला आठवत होतं तसंच झालं. यान परत आलं, पोर गेली, माणसं बरी झाली. आणि मग अंगण आलं. आई एकटीच उभी, वर बघत. वर नुसत्या चांदण्या. तिचा चेहरा जवळ आला. तिनं काहीच म्हटलं नाही. पडद्यावर नावं सरकायला लागली.

रेश्मानं माझ्याकडं पाहिलं. "आत्या, पोरगी तर आली न्हाई."

"अजून हाय. एक रीळ राहिलंय," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता मीच थांबले. कारण हे शब्द माझे नव्हते. याकूबभाईचे होते. त्या रात्री बाया पोरं काखेला मारून उठल्या होत्या. तेवढ्यात भोंग्यातनं तो म्हणाला, "मायबाप, बसून घ्या. एक रीळ राहून गेलंय." सुरुवातीचं एक रीळ लावायला तो विसरला होता. लोकांनी तिकीट काढलंय, अख्खा पिच्चर दाखवला पाहिजे, म्हणून त्यानं ते शेवटी लावलं. आमचे मास्तर उठून सांगायला लागले, "अहो, हे आधीचं आहे." तेव्हा बाप्यांच्या अंगानं माझा बाप ओरडला, "मास्तर, खाली बसा. पोरगी घरला आली, आता आणि काय पायजे तुमाला?" सगळा तंबू हसला होता. मीपण हसले होते.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. माझ्याच घरात, माझ्याच तोंडानं.

कुणी हसलं नाही. राजनंदिनी माझ्याजवळ सरकली आणि तिनं ताटाकडं हात नेला. "आण आजी. उचलते मी. येते तीन वर्षांनी."

तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं, ती माझ्यासाठी उचलत होती. म्हातारीचा पिच्चर मोडला म्हणून देवाला खोटं सांगायला निघाली होती. मी ताट मागं ओढलं.

"ऱ्हाऊ दे. खंडोबाला काय हीच कामं हायत? यावंसं वाटंल तवा ये."

"आत्या," रेश्मा म्हणाली. तिचा आवाज तिचा वाटत नव्हता. "तुमाला काय जातंय म्हणायला? पोटातली माझी हाय. पंधरा दिस मी तुमच्या त्या पिच्चरवर जगले. येती म्हणाला, येती म्हणाला, आणि आता शपत बी नगं?"

जयराज उठून उभा राहिला. या घरात माझ्यापुढं असं कुणी बोललेलं नाही. रेश्मा तर लग्न होऊन आल्यापासून कधी नाही. मी हातानंच जयराजला बसवलं.

"शपत घिऊन आलेली पोरगी तुला चालंल का गं?" मी विचारलं. "दारात येईल आणि मन तिकडं. तसली चालंल?"

रेश्मा उठली. आत गेली आणि परात आपटल्याचा आवाज आला. मीही मागोमाग गेले आणि गुडघे धरत तिच्याजवळ खाली बसले. तिनं पीठ घेतलं, पाणी घेतलं, मळायला लागली. मीठ घालायची विसरली. मी डबा पुढं सारला.

मीठ टाकून ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "रविवारपतोर काय काय करून घालू तिला? पुरणपोळी करू का, तुमी म्हणता तशी कटाच्या आमटीसंगं?"

"मला नगं इचारू," मी म्हटलं. "तिला हाक मार. तिलाच इचार."