मऊ खुराक

मॅडमनी चौदा नंबरच्या उंदराला तिसऱ्यांदा वजनकाट्यावर ठेवलं.

"हा साध्या खुराकातला ना, मावशी?"

"हो."

"मग चरबीवाल्यांसारखा कसा फुगला?"

प्राणिगृह सांभाळणाऱ्या मावशी पुसलेलीच जाळी पुन्हा पुसू लागल्या. सगळ्या उंदरांच्या दाढेला दोरा बांधून हिरडी सुजवलेली होती. निम्म्यांना चरबीचा मऊ खुराक, निम्म्यांना साध्या कडक गोळ्या. लठ्ठपणाने हिरडीखालचं हाड जास्त झिजतं का, एवढंच बघायचं होतं.

"खोटं बोलून देवापुढे कशी उभी राहू?" मावशी हळूच म्हणाल्या. "त्याला गोळी चावेना. तोंड लावायचा नि मागे सरायचा. मग मी पलीकडचा मऊ खुराक भरवला."

"किती दिवस?"

"रोजच."

मॅडम रागावल्या नाहीत, तेच मावशींना जड गेलं. त्यांनी वहीत चौदा नंबरावर रेघ ओढली.

"म्हणजे आज मारायच्यातून सुटला का तो?"

"नाही हो. फक्त हिशेबात धरायचा नाही."

दुपारी जबडे सूक्ष्मदर्शकाखाली आले. मावशी दारात घुटमळल्या.

"चौदाचा बघाल? मोजू नका. नुसता बघा."

मॅडम बराच वेळ वाकून राहिल्या.

"झिजलाय. साध्या खुराकातल्या सगळ्यांपेक्षा जास्त."

"उपाशी तर नाही ना राहिला..."

मॅडम काच पुसू लागल्या. "एका उंदरावरून काही ठरत नसतं, मावशी."

संध्याकाळी बेकरीपाशी पाय सवयीने थांबले. दुकानदाराने न विचारताच लोण्याचा पाव कागदात बांधायला घेतला. मावशींनी मानेनेच नको म्हटलं.

घरी थोरली बहीण खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. आईमागे हिनेच मावशींना घास भरवून वाढवलेलं. आता तिला सुटलेलं अंग उचलून चालवत नव्हतं आणि कडक काही चावत नव्हतं. उशीच्या अभ्र्यावर रोज सकाळी लालसर डाग असायचा. मावशी तो न बोलता धुवायच्या.

"हात हलवत आलीस? दात तर जातच आहेत, आता चणेही बंद का गं?"

एरवी मावशी हसल्या असत्या. त्यांनी हात धुतले, फळीवरची बॅटरी घेतली आणि खाटेच्या कडेला टेकल्या.

"तोंड उघड, अक्का."

अक्काने डोळे मिटून तोंड उघडलं आणि घासाची वाट बघत राहिली.