आधी टोपी, मग अक्षर

नोंदणी कार्यालयातल्या टाइपिंगच्या खोलीला गेल्या शुक्रवारी कुलूप लागलं, आणि ते लावलं टोपीबाईंच्या सख्ख्या जावयाने. आता सांगा, अशा वेळी बाईने घरी जाऊन मुलीशी काय बोलायचं? टोपीबाईंनी खुर्चीतली आपली उशी काखेत मारली आणि सोमवारी सकाळी खालच्या हॉलमध्ये, ‘चौकशी’ अशी पाटी असलेल्या टेबलामागे ती उशी टाकून ऐसपैस बसल्या.

लोकांना टोपी घालणारे पैशाला पासरी मिळतात. अक्षरांना टोपी घालून एकतीस वर्षं इमानाने पगार घेणाऱ्या मात्र या एकट्याच, म्हणून हे नाव. त्या शहरात समुद्रापलीकडून आलेली माणसं पुष्कळ. कुणाच्या नावातल्या अक्षरावर दोन ठिपके, कुणाच्या अक्षरावर तिरकी रेघ, कुणाच्या अक्षराच्या डोक्यावर खरोखरीची टोपी. कीबोर्डही तसेच, प्रत्येक मुलुखाचा वेगळा. एकावर जे बटण डावीकडे, ते दुसऱ्यावर उजवीकडे. टोपीबाईंना असे पाच कीबोर्ड तोंडपाठ होते, म्हणजे खरं तर बोटपाठ होते. बटणांवर काय छापलंय ते त्या बघतच नसत. समोरच्या माणसाशी गप्पा मारत, त्याच्या पोराबाळांची चौकशी करत त्या नाव टाइप करायच्या, आणि एकही ठिपका इकडचा तिकडे व्हायचा नाही. हे त्यांना ठाऊक होतं आणि ते लपवण्याचा खोटा विनय त्यांच्यापाशी नव्हता.

जावई मुलगा तसा गुणी. कार्यालयाची सगळी यंत्रं त्याच्या ताब्यात. त्याने हॉलमध्ये सहा नवे कॉम्प्युटर ओळीने मांडले, छोटे सुबक कीबोर्ड आणले आणि भिंतीवर नियम लावला: अर्जदाराने आपलं नाव स्वतःच टाइप करावं, कर्मचाऱ्यांनी कीबोर्डला हात लावू नये. नियमाला कारण होतं. वरच्या मजल्यावरच्या एका कारकुनाने लोकांच्या नावांची पार वाट लावली होती आणि तक्रारींचा ढीग पडला होता. टोपीबाईंबद्दलची एकही तक्रार त्या ढिगात नव्हती, पण नियम आला की सगळ्यांनाच आला. कार्यालयात जावयाने सासूला ‘मॅडम’ म्हणायचं आणि सासूने जावयाला ‘सर’ म्हणायचं असं दोघांचं ठरलं होतं. ते दोघांनाही जमत नव्हतं.

गुरुवारी साडेबाराच्या सुमाराला घड्याळकाका आले. कोपऱ्यावरच्या दुकानात चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारे, सत्तरी ओलांडलेले, अंगावर इस्त्रीचा कोट. त्यांना प्रवासाचा परवाना हवा होता. पलीकडच्या किनाऱ्यावर त्यांची थोरली बहीण दवाखान्यात होती, शनिवारी तिचं ऑपरेशन होतं, आणि बोट आठवड्यातून एकदाच सुटायची, गुरुवारी चार वाजता. परवान्याशिवाय बोटीवर पाय ठेवू देत नसत. परवाने छापायचं काम दीडला बंद होत असे.

“डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनच्या आधी भेटून घ्या,” काका म्हणाले. “आधी, असं म्हणाले. मी काही नंतरचं विचारलं नाही.”

“विचारू नका. बसा त्या तीन नंबरच्या मशीनवर,” टोपीबाई म्हणाल्या. “पाच मिनिटांचं काम आहे.”

पाच मिनिटांनी काकांनी हात वर केला. टोपीबाई उठून गेल्या. स्क्रीनवर लाल अक्षरांत लिहिलं होतं: ‘अशी व्यक्ती नोंदीत नाही.’

“चाळीस वर्षं झाली बाई,” काका म्हणाले, “आणि आज कळतंय की मी नाहीच.”

टोपीबाईंच्या लगेच लक्षात आलं. काकांच्या आडनावात एका अक्षरावर दोन ठिपके होते आणि शेवटच्या अक्षरावर तिरकी रेघ. नोंदवहीत ती दोन्ही होती, कारण तिथे ती टोपीबाईंनीच घातली होती. नव्या कीबोर्डवर ती कुठेच नव्हती, म्हणून काकांनी सरळ साधी अक्षरं दाबली होती. टोपीबाईंनी सांगण्याआधीच काकांनी दुसऱ्यांदा प्रयत्न केलासुद्धा. या खेपेला त्यांनी हाताने लिहितात तसं केलं. आधी अक्षर, मग त्याच्यापुढे अवतरणचिन्ह, जमेल तसं. रेघेच्या जागीही तसलंच काहीतरी. एंटर दाबलं. पुन्हा लाल अक्षरं, आणि खाली आणखी एक ओळ: ‘एक प्रयत्न शिल्लक. त्यानंतर अर्ज उद्यापर्यंत बंद.’

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. बारीक चिमट्याने केसाएवढी स्प्रिंग धरणारा तो हात, पण त्याचं बोट आता भलत्याच बटणाकडे निघालं.

“आता कशालाही हात लावू नका,” टोपीबाई म्हणाल्या. “मी आलेच.”

जावई शेवटच्या मशीनपाशी वायर गुंडाळत बसला होता. टोपीबाईंनी त्याला उभ्या उभ्याच गाठलं.

“सर, तीन नंबरवर जुन्या खोलीतला कीबोर्ड लावून द्या. म्हणजे आतला हो, बाहेरचा नको. बटणं राहू देत तीच, मशीनने ती जुन्यासारखी वाचली की झालं.”

“ते मी बंद केलंय, मॅडम. सहाही मशीन एकाच पद्धतीने चालली पाहिजेत. नाहीतर लोकांचा गोंधळ होतो. बटणावर एक आणि स्क्रीनवर भलतंच.”

“मग अक्षराचा ठरलेला आकडा टाकून ते काढता येईल?”

“त्याला बाजूची आकड्यांची बटणं लागतात. या कीबोर्डना ती नाहीत.” जावयाने जरा अभिमानाने सांगितलं. “जागा वाचते.”

“वाचते ना. मला एक सांगा, हे सगळं सुरू करण्याआधी तुम्ही तपासून पाहिलंत?”

“अर्थात. पन्नास वेळा.”

“कुणाचं नाव टाकून?”

जावयाच्या नावात ना ठिपका, ना रेघ. पन्नास वेळा त्याने स्वतःचंच नाव टाइप केलं होतं, आणि पन्नासही वेळा यंत्राने त्याला बिनबोभाट ओळखलं होतं.

“आई,” तो हळूच म्हणाला. ‘मॅडम’ कुठल्या कुठे गेलं. “मी ते मोकळं करून देतो. पण तो शिल्लक प्रयत्न मला वाढवता येणार नाही, ते मुख्य कचेरीतून होतं. आणि तुम्ही हात लावलात तर वर कॅमेरा आहे. अर्जच रद्द होईल.”

“मी कशाला हात लावू? माझी बोटं काकांपाशी आहेत की. चला जावईबापू, एक वाजायला आलाय.”

त्याने आपला पासवर्ड टाकून तीन नंबरचं यंत्र मोकळं केलं आणि हाताची घडी घालून मागे उभा राहिला. टोपीबाईंनी खुर्ची ओढून काकांच्या शेजारी बैठक मारली. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे बांधले, कारण हातांचा त्यांना भरवसा नव्हता. एकतीस वर्षांची सवय, बटण दिसलं की बोटं धावायची.

“काका, आता नीट ऐका. बटणांवर जे छापलंय ते सगळं खोटं समजा. मी सांगेन तेच बटण दाबायचं.”

“म्हणजे तबकडी चुकीची, आतलं यंत्र बरोबर.”

“अगदी तसंच. घाई करू नका, पण रेंगाळूही नका. नावाला दोन मिनिटं मिळतात. वेळ संपली की प्रयत्नही संपला.”

पहिलं नाव सुरळीत गेलं. आडनावाची सुरुवातही. मग ठिपक्यांच्या अक्षराची पाळी आली.

“उजव्या हाताची करंगळी. तिथे अर्धविराम छापलाय बघा. ते दाबा.”

काकांनी दाबलं आणि स्क्रीनवर दोन ठिपक्यांसकट आख्खं अक्षर अवतरलं. काकांनी अर्धविरामाकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे पाहिलं. पुढची अक्षरं त्यांनी टोपीबाईंच्या सांगण्यावर भराभर टाकली. आता शेवटचं अक्षर राहिलं, तिरक्या रेघेचं. कोपऱ्यात सेकंद पळत होते, पन्नास, एकोणपन्नास.

“वरच्या ओळीत, खोडायच्या बटणाच्या अलीकडचं. बरोबरच्या खुणेचं, दोन आडव्या रेघांचं.”

काकांनी दाबलं. स्क्रीनवर काहीच उमटलं नाही.

“लागलं नाही,” म्हणून त्यांनी पुन्हा दाबलं. त्याबरोबर दोन सुट्या रेघा उमटल्या, अक्षर नाही, काही नाही.

“खोडा. दोन्ही खोडा.”

खोडताना काकांकडून एक अक्षर जास्तच खोडलं गेलं. ते परत टाकलं. चौतीस. मागे जावई श्वास रोखून उभा होता, आणि टोपीबाईंना तो ऐकू येत नसूनही त्याचा राग आला.

इथेच सगळ्यांचं घोडं अडतं, हे त्या एकतीस वर्षं पाहत आल्या होत्या. माणूस हाताने लिहितो तेव्हा आधी अक्षर काढतो आणि मग वर रेघ देतो. आपल्या मराठीत तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, पण टाइप होते नंतर. या बटणाचं नेमकं उलटं. रेघ आधी द्यायची, तीही कुणाला न दिसणारी, आणि मग गप्प राहायचं. तेवढा एक क्षण माणसाला धरवत नाही. त्याला वाटतं आपलं चुकलं, आणि तो तेव्हाच चुकतो.

“काका, माझ्याकडे बघा,” टोपीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, भाजीचा भाव विचारावा तसा. “एकदा दाबलं की रेघ आत जाते. दिसत नाही म्हणून गेली नाही असं समजू नका. ती थांबून राहते. अक्षर आलं की त्याच्या डोक्यावर जाऊन बसेल. एकदाच दाबा आणि मग अक्षर.”

“दिसलं नाही तरी?”

“दिसलं नाही तरी.”

काकांनी दाबलं. पुढची जागा कोरीच. तेवीस. त्यांचं बोट पुन्हा त्याच बटणाकडे निघालं, अर्ध्यावर थांबलं आणि मागे फिरलं. त्यांनी अक्षर दाबलं. रेघेसकट अक्षर उमटलं.

“एंटर.”

लाल अक्षरं आली नाहीत. हिरवी आली: ‘व्यक्ती सापडली.’

जावयाने मागे एवढ्या मोठ्याने हुश्श केलं की रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. टोपीबाईंनी पाठीमागे बांधलेले हात सोडले. बोटांना मुंग्या आल्या होत्या. त्यांना मनापासून आनंद झाला, आणि थोडी फुशारकीही वाटली. का वाटू नये?

“छापू का परवाना?” जावयाने विचारलं.

“अजून एक रकाना आहे,” काका म्हणाले.

होता खरा. ‘ज्यांना भेटायला जायचं त्यांचं नाव.’ या रकान्याला पडताळणी नव्हती. तिथे साधी अक्षरं टाकली असती, ठिपके-रेघ गाळली असती, तरी यंत्र ब्र काढणार नव्हतं. जावयाने तसं सांगितलंही. “काका, इथे कसंही चालतं. पटकन उरका, सव्वा वाजलाय.”

बहिणीने लग्न केलं नव्हतं, म्हणजे आडनाव तेच. टोपीबाई पुढे झुकल्या आणि सांगू लागल्या, “तर उजवी करंगळी…”

“थांबा बाई,” काका म्हणाले. “हे मी घालतो.”

त्यांनी कोटाची बाही थोडी वर सारली आणि बहिणीचं नाव टाइप करायला घेतलं. बोटं आता चुकत नव्हती. अर्धविरामाच्या बटणावर करंगळी गेली, दोन ठिपके आले. मग शेवटाला त्यांनी वरच्या ओळीतलं ते बटण एकदाच दाबलं. स्क्रीनवर काही दिसलं नाही. काका मुळीच घाबरले नाहीत. कोऱ्या जागेकडे बघत ते क्षणभर बसून राहिले, दवाखान्यातल्या खाटेशेजारी बसावं तसे, आणि मग त्यांनी अक्षर दाबलं.

“आता छापा,” ते जावयाला म्हणाले. “तिचं नाव अर्धवट घेऊन मी कसा जाणार होतो?”