रोजच्या वापरातली पर्स

उत्कर्षाच्या घरी पाहुण्यांना बसायला धड सोफा नव्हता, पण पर्सना राहायला काचेचं कपाट होतं, तेही आतून दिवे लागणारं. धायरीच्या त्या फ्लॅटमधली सगळ्यात मानाची जागा त्या कपाटाची होती, आणि कपाटात होत्या त्या सगळ्या एकाच कारागिराच्या, जुन्या, चामड्याच्या पर्सा. भवानी पेठेत बाबुराव नावाच्या माणसाचं 'हरणाई लेदर वर्क्स' नावाचं दुकान होतं. ते बंद पडूनही जमाना झाला. खुद्द पुण्यातल्या लोकांना हे नाव माहीत नव्हतं, आणि पुणेकरांना ठाऊक नसलेली पुण्यातली गोष्ट यवतमाळहून नोकरीला आलेल्या मुलीला ठाऊक आहे, याचा उत्कर्षाला कोण अभिमान!

हरणाईची पर्स ओळखायच्या खुणा दोन. पितळी बकलावर हरणाचं इवलंसं तोंड, आणि आतलं अस्तर. अस्तराचं कापड बाबुराव बाजारातून आणत नसत. ते गिऱ्हाइकालाच सांगत, घरातलं जुनं लुगडं घेऊन या. त्यामुळे प्रत्येक पर्सच्या पोटात कुणाच्या तरी आईचं नाहीतर सासूचं लुगडं असे. इंटरनेटवर, जुन्या बाजारात, कुणाच्या माळ्यावर, जिथे मिळेल तिथून उत्कर्षा या पर्सा गोळा करत होती. ते अस्तर कुणाचं असेल याचा विचार ती हौसेने करायची. त्या बाईला काय वाटेल, याचा मात्र कधी केला नव्हता.

प्रेमलाबाई तिला शनिवार पेठेत भाजीच्या गाडीपाशी दिसल्या. म्हणजे आधी पर्स दिसली. काळपट तपकिरी, मोठी, दोन कप्प्यांची, आणि खांद्यावरच्या पट्ट्याला वर्षानुवर्षांच्या हाताने आलेली चकाकी. उत्कर्षा थेट पुढे गेली.

"काकू, ही हरणाईची ना हो?"

प्रेमलाबाईंनी मान वर न करता गवारीची एक शेंग मोडून बघितली. "आधी पर्सचं नाव विचारतेस, मग बाईचं. बरं."

त्या निवृत्त नर्स होत्या. सगळी नोकरी त्यांनी याच पर्सच्या जोडीने केली होती. आत त्यांच्या आईच्या हिरव्या लुगड्याचं अस्तर होतं. आता उजवा खांदा दुखायचा, जड पर्स पेलवत नव्हती, म्हणून तिच्यासाठी त्या नवा खांदा शोधत होत्या. सून ऋतिका मागत नव्हती असं नाही, पण तिला ती दिवाणखान्यात शोभेला टांगायची होती. बोलणं वाढलं, घरी चहा झाला, आणि उत्कर्षाने पैशांचा विषय काढताच प्रेमलाबाईंनी हात झटकला.

"विकायची असती तर दुकान नसतं का काढलं? मला एवढंच सांग, रोज नेशील? बाबुराव म्हणायचे, हाताचं तेल हेच तिचं पॉलिश. हात लागला नाही तर चामडं तडकतं. कपाटात ठेवणार असशील तर राहू दे, माझ्याकडेही कपाट आहे."

"रोज नेईन, काकू," उत्कर्षा म्हणाली.

ती खोटं बोलली नव्हती. त्या क्षणी तिला खरंच तसं वाटत होतं. रिक्षात पर्स मांडीवर घेऊन बसतानाही वाटत होतं. घरी आल्यावर तिने पर्स कपाटातल्या दिव्याखाली धरली आणि तिथेच सगळं फिसकटलं. एवढा देखणा नमुना तिच्याकडे दुसरा नव्हता. सोमवारपासून नेऊ, असं तिने ठरवलं. सोमवारी पाऊस होता, मंगळवारी बसला गर्दी. मग तिने आत पातळ कागदाचे बोळे भरले, ओल शोषणाऱ्या पुड्या टाकल्या आणि काच लावून घेतली.

प्रेमलाबाईंचा फोन मात्र दर आठवड्याला यायचा. तिची चौकशी नंतर, पर्सची आधी.

"कशी आहे गं पर्स?"

"मस्त! आजच नेली होती. बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, कुठून घेतली म्हणून."

"अगबाई! मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, आमच्या काकूंची आहे."

पलीकडे प्रेमलाबाई इतक्या खुलून हसल्या की उत्कर्षाचे कान तापले. बसमध्ये कुणी बाई नव्हती, कारण पर्सच नव्हती. "पट्टा रुतत नाही ना खांद्यात?" प्रेमलाबाईंनी विचारलं. "रुतला तर एक भोक सोडून लाव." पट्ट्याचं विचारल्याशिवाय त्यांनी कधी फोन ठेवला नाही. आणि फोन ठेवल्यावर उत्कर्षाला समोरचा घास गोड लागला नाही, असं दर वेळी व्हायचं. ती कपाटापर्यंत जायची, काचेवर बोट ठेवायची आणि उद्यापासून नक्की, असं म्हणून परत यायची. तिला स्वतःची शरम वाटायची. पण पर्स बाहेर काढण्याइतकी नाही.

एका रविवारी सकाळी फोन आला. भाच्याची खडकवासल्याला वास्तुशांत होती, प्रेमलाबाई रिक्षाने तिकडेच निघाल्या होत्या, आणि आता त्या उत्कर्षाच्या सोसायटीच्या गेटपाशी उभ्या होत्या.

उत्कर्षाची त्रेधातिरपीट उडाली. तिने पर्स काढली, बोळे उपसून पलंगाखाली लोटले, आत डबा, छत्री, चार्जर, कंगवा, हाताला लागेल ते कोंबलं आणि पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवली. कपाट आतल्या खोलीत होतं. तिने त्या खोलीचं दार ओढून घेतलं. चोरी लपवणाऱ्याची लगबग आपल्या हातांना इतकी छान जमते, हे बघून तिला कसंसंच झालं.

प्रेमलाबाई आल्या, पाणी प्यायल्या आणि खुर्चीपाशी जाऊन त्यांनी पर्स डाव्या हाताने उचलली. बकलापाशी पट्टा कट्कन तुटला. छत्री, डबा, कंगवा, सगळं फरशीवर.

पट्टा आतून तडकला होता. महिनोन् महिने हात लागला नव्हता, आणि त्या पुड्यांनी चामड्यातला होता नव्हता तो ओलावाही खेचून घेतला होता. उत्कर्षाला सगळं कळत होतं. प्रेमलाबाईंनी तुटकं टोक निरखलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"इतकी वापरलीस?"

उत्कर्षाच्या तोंडून "हो" निघून गेलं.

"वाईट वाटून घेऊ नकोस गं. वापरून वापरून तुटली, म्हणजे तिचं सोनं झालं. पट्टा काय, बसवता येतो." मग त्या खाली बसल्या आणि त्यांनी आपली कापडी पिशवी उघडली. "ऋतिका म्हणत होती, हीसुद्धा घरातच टांगू. मी म्हटलं, वापरणारं माणूस मला मिळालंय. आमच्या कौशल्याची आहे ही. धाकटी बहीण माझी, गेल्या वर्षी गेली."

डाळिंबी रंगाची, गोल झाकणाची, लहानशी पर्स. हरणाईने लाल रंगात काम केलं होतं, असं उत्कर्षाने फक्त ऐकलं होतं. ती बघायला मिळावी म्हणून तिने किती जणांना गळ घातली होती. आता ती समोर होती. हात पुढे करायचा तेवढा अवकाश होता. तिचा हात पुढे गेलाही. प्रेमलाबाईंनी झाकण उघडून दाखवलं. आत इरकलीचं अस्तर होतं, आणि त्याच्या घडीत नुकत्याच वापरल्यासारख्या एका छोट्या रुमालाची गुंडाळी होती. कौशल्याबाईंचा रुमाल.

तिने हात मागे घेतला.

"काकू, जरा आत या."

तिने आतल्या खोलीचं दार उघडलं आणि कपाटाचा दिवा लावला. प्रेमलाबाईंनी काचेआडची एकेक पर्स बघितली. मधली एक जागा रिकामी होती, पर्सच्या आकाराची. पलंगाखालून कागदाचा एक बोळा डोकावत होता.

"वॉर्डच आहे की हा," त्या शेवटी म्हणाल्या. "सगळ्या अ‍ॅडमिट. भेटायला कुणी नाही." मग वळून, "आणि ती बसमधली बाई?"

"नव्हती, काकू. कुणीच नव्हतं."

"मी ती बाई भाच्याला सांगितली. ऋतिकाला सांगितली. भाजीवाल्यालासुद्धा सांगितली." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"काकू, मी चुकले. तुमची पर्स तुम्ही घेऊन जा, मी पट्टा नवा बसवून—"

"तुझ्याकडे तुटली, तुझ्याकडेच राहू दे." बाहेर येऊन प्रेमलाबाईंनी डाळिंबी पर्स कापडी पिशवीत ठेवली, पिशवीवर पदर ओढला आणि चपला घातल्या. "रिक्षा थांबलीय."

उत्कर्षाने बसस्टॉपजवळच्या चांभाराकडून नवा पट्टा बसवून घेतला. तो जुन्याहून फिकट होता, लांबूनही कळायचं. दुसऱ्या दिवसापासून ती पर्स ऑफिसला न्यायला लागली. पावसात नेली, गर्दीत नेली. एकदा आत डबा सांडला आणि हिरव्या लुगड्याला वरणाचा डाग पडला. कपाटाकडे बघावंसं वाटेना, म्हणून तिने त्यातला दिवा काढून टाकला. प्रेमलाबाईंचा फोन एकदाही आला नाही.

आणि एक दिवस खरंच, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंनी पर्सवरून हात फिरवला. "छान आहे हो. कुठून घेतलीत?"

"आमच्या काकूंची आहे," उत्कर्षा म्हणाली. खाली उतरताच, रस्त्याच्या कडेला उभं राहून तिने फोन लावला.

"काकू, मी उत्कर्षा. आज पर्स नेली होती. रोजच नेते आता. आणि बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, कुठून घेतली म्हणून..."

सांगता सांगता तिचं तिलाच ऐकू आलं. शब्द न् शब्द तोच होता. तोच उत्साह, तीच बस, तीच बाई.

"हो का?" प्रेमलाबाई म्हणाल्या. "छान."

उत्कर्षा वाट बघत राहिली. पट्टा रुततो का, एवढंच त्यांनी विचारावं. खरं तर तो रुतत होता.

"बरं, ठेवते," प्रेमलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.