रविवारचा तीनचा खेळ

बारामतीतल्या चौकाचौकांत दिग्विजयच्या पिच्चरचे फ्लेक्स लागले होते आणि ते वाचल्याशिवाय माझा पाय पुढं निघत नव्हता. कन्हेरीचा हा पोरगा माझ्या पहिल्या पिच्चरला क्लॅप धरायचा. तेव्हा गावरान विनोदाला माणसं पोट धरून हसायची. मग ऐतिहासिक पिच्चर आले, तर माणसं थिएटरात चपला काढून बसायला लागली. आता भुतं आली, आणि भूत नेमकं दिग्विजयच्या हाती लागलं. माझा नुसता जळफळाट झाला, खोटं कशाला सांगू.

त्यात एकाच थिएटरात, शेजारशेजारच्या पडद्यांवर आमचे पिच्चर लागलेले. मॅनेजरनं तोंडावर सांगितलं, रविवारचा तीनचा खेळ रिकामा गेला तर सोमवारपासून माझी वेळही दिग्विजयला. मी तडक गाव गाठलं. भवानीनगरला उसाचा हंगाम संपून ट्रॉल्या मोकळ्याच उभ्या होत्या. दोन ट्रॉल्या भरून भावकी निघाली. घरचीच माणसं म्हणून मी तिकिटं आधी काढली नाहीत, आणि तिथंच माती खाल्ली.

आमच्याकडं ट्रॉलीतनं आलेली माणसं पांगत नाहीत. वडीलधारं माणूस ज्या दारानं जाईल, त्याच दारानं सगळी. आमच्यात वडीलधारी म्हणजे फुलाबाई, माझी सख्खी चुलती. तिनं तिकिटाच्या खिडकीशी भुताचा पिच्चर कुठला म्हणून विचारलं, तसा मी आडवा गेलो, आपला हसायचा पिच्चर शेजारीच हाय म्हणालो.

"हसाय काय, आमी घरी बी हसतो," ती म्हणाली. "असं समद्यांनी मिळून भ्यायला कुठं मिळतंय, आवी?"

दोन्ही ट्रॉल्या तिच्यामागं गेल्या. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून माझ्याच भावकीच्या किंकाळ्या ऐकू यायला लागल्या. ते ऐकवेना, म्हणून मी माझ्या खेळात शिरलो.

आत एकच माणूस बसलं होतं. पहिल्या विनोदाला ते खदखदून हसलं आणि त्या हसण्यावरून मी ओळखलं. स्वतःचा हाऊसफुल्ल खेळ सोडून दिग्विजय माझा पिच्चर बघत होता.

"दादा, असं लिहाय मला न्हाय जमत," मला बघून तो म्हणाला. "मला निस्तं भ्या घालता येतं."

मी त्याच्या शेजारी बसलो. तो दाखवायला हसत असेल, म्हणून अंधारात त्याच्या तोंडाकडं टक लावून बघितलं. गडी हसता हसता डोळे पुसत होता. माझ्या पिच्चरला त्या दिवशी जे काही हसू मिळालं, तेही त्याचंच होतं.